पुरात बुडालेली गाडी जुन्या बाजारात कशी ओळखावी?

एखादी मोटार दोन दिवस पुराच्या पाण्यात उभी राहिली, तरी त्याची नोंद तिच्या आरसी बुकावर कोठेही होत नाही. नोंदणी क्रमांक, चेसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, मालकाचे नाव, बँकेचा बोजा, इंधनाचा प्रकार हे सारे त्यात असते. परंतु ‘हे वाहन पाण्यात बुडाले होते’ असे सांगणारा रकाना आपल्या देशात नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत विमा कंपनीने निकामी ठरविलेल्या गाडीच्या मालकीपत्रावरच तसा शेरा मारला जातो आणि पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला तो दिसतो. भारतात तशी पद्धत नसल्याने बुडालेली गाडी आणि कोरडी गाडी कागदावर सारख्याच दिसतात. जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाची खरी अडचण येथून सुरू होते.

पूर ही गोव्यासाठी दूरची गोष्ट राहिलेली नाही. जुलै २०२१ मध्ये म्हादईचे पाणी सत्तरीतील घरांत शिरले आणि त्याच दिवसांत चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली पंचगंगा-कृष्णेच्या पुराने वेढली गेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूच्या उच्चभ्रू वसाहतींत महागड्या गाड्या पाण्यात बुडालेल्या देशाने पाहिल्या. डिसेंबर २०२३ मध्ये चेन्नई, ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदरा. चिपळूण, कोल्हापूर, बेळगाव, मुंबई, बंगळुरू या साऱ्या ठिकाणांहून गाडी चालवत एका दिवसात गोव्यात पोहोचता येते, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

पूर पावसाळ्यात येतो. पण बुडालेली गाडी पावसाळ्यात विकायला येत नाही. विम्याचा दावा, पाहणी, लिलाव, धुणे-वाळविणे, रंगकाम यांत काही महिने जातात. ती गिऱ्हाइकापुढे उभी राहते तेव्हा आकाश निरभ्र असते, रस्ते कोरडे असतात आणि पुराची बातमी विस्मरणात गेलेली असते. बहुधा ती ज्या गावात बुडाली त्या गावात विकलीही जात नाही, कारण तेथे लोक विचारतात.

बुडालेली गाडी बाजारात येते कशी?

सर्वसमावेशक विमा असलेली गाडी बुडाली, की विमा कंपनीचा सर्वेक्षक दुरुस्तीचा अंदाज काढतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विम्यात नमूद केलेल्या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. मालकाला त्या मूल्याच्या हिशेबाने भरपाई मिळते आणि गाडीचा सांगाडा, म्हणजे या व्यवसायातील भाषेत ‘सॅल्व्हेज’, लिलावात जातो. यात बेकायदा काही नाही. लिलावात बोली लावणारे अनेक जण गाडी सुटी करून दरवाजे, काचा, चाके विकतात आणि त्या व्यवसायावरच कितीतरी गॅरेजे चालतात. प्रश्न येतो तो उरलेल्या काही जणांचा. त्यांच्या हाती जुन्या आरसी बुकासह एक अख्खी गाडी स्वस्तात आलेली असते आणि ती सुटी करण्यापेक्षा धुऊन-पुसून विकण्यात अधिक नफा असतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले, तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवून नोंदणीपत्र परत करावयाचे असते. पण ‘कायमचे निकामी’ आणि ‘दुरुस्त करणे परवडत नाही’ यांत अंतर आहे. विम्याच्या हिशेबात संपलेली गाडी यांत्रिकदृष्ट्या पुन्हा चालू होऊ शकते आणि नेमक्या याच फटीतून ती पुन्हा रस्त्यावर येते.

विमाच नसलेल्या गाड्यांची तर कोठे नोंदही राहत नाही. सात-आठ वर्षे जुन्या झालेल्या गाडीचा पुष्कळ जण केवळ तृतीय पक्ष विमा काढतात. अशा विम्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळत नाही. ती बुडाली की मालक खिशातले पैसे घालून जेवढी जमेल तेवढी दुरुस्ती करतो आणि मिळेल त्या किमतीला विकून टाकतो. दावा नाही, सर्वेक्षक नाही, लिलाव नाही. कमी अंदाजपत्रकात गाडी शोधणाऱ्या गिऱ्हाइकापुढे नेमक्या याच वयाच्या गाड्या अधिक येतात.

पाणी काय बिघडवते?

सर्वसामान्य समज असा, की पाण्याने इंजिन बिघडते. ते खरे आहे, पण अर्धेच. पाण्यात उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन सुरू केले, तर हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये ओढले जाते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही; त्यामुळे पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान मोठे असले, तरी ते उघड असते. गाडी चालतच नाही, इंजिन खोलावे लागते आणि एकदा नीट दुरुस्त झाले की प्रश्न मिटतो. बंद अवस्थेत बुडालेल्या गाडीचे इंजिन तर तेले बदलून, सफाई करून पुष्कळदा वाचते.

अधिक धोका असतो तो विजेच्या जाळ्यात. आजच्या साध्या हॅचबॅक गाडीतही इंजिन, ब्रेक, स्टेअरिंग, एअरबॅग, दरवाजे यांना स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतात आणि ते शेकडो तारांनी व जोडण्यांनी एकमेकांशी बांधलेले असतात. यांतील बऱ्याच तारा गालिच्याखालून जातात. एअरबॅगचा नियंत्रक तर बहुतेक गाड्यांत गिअरच्या दांड्याजवळ, दोन सीटांमधल्या उंचवट्यावर, जमिनीलगत बसविलेला असतो. म्हणजे पाणी सीटपर्यंतही न पोहोचता, नुसते घोट्याएवढे आत आले, तरी ते प्राण वाचविणाऱ्या यंत्रणेपर्यंत जाऊ शकते.

हे बिघाड लगेच दिसत नाहीत. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर हळूहळू चढतो, जोडणीतील प्रवाह क्षीण होतो आणि चार-सहा महिन्यांनी एक दिवस काच वर जात नाही, दुसऱ्या दिवशी ब्रेकचा दिवा लागतो, तिसऱ्या दिवशी गाडी चोर्ला घाटातील वळणावर बंद पडते. गॅरेजवाला एक सुटा भाग बदलतो, दोष दुसरीकडे उभा राहतो. एअरबॅगच्या बाबतीत तर दोष कळण्याची वेळ एकच असते, ती म्हणजे अपघाताची.

पाणी कसले होते, हेही महत्त्वाचे. नदीच्या गोड्या पाण्यात बुडालेल्या गाडीला काही आशा असते. खाडीचे, भरतीचे, मिठाचा अंश असलेले पाणी तारांत आणि पत्र्यात शिरले असेल, तर गंज थांबविणे जवळजवळ अशक्य होते. मुंबईसारख्या शहरात मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली, की साचणारे पाणी पुष्कळदा असे मिसळलेले असते.

गोव्याचा गंज आणि पुराचा गंज

गाडी तपासण्याच्या सूचना सांगणारे लेख बहुधा कोरड्या हवेतील ग्राहकांसाठी लिहिलेले असतात. ‘गंज दिसला तर गाडी सोडा’ हा सल्ला गोव्यात पाळायचा म्हटले, तर येथे एकही जुनी गाडी घेता येणार नाही. समुद्राच्या खाऱ्या हवेने चाकांच्या कमानींना, सायलेन्सरला, दरवाज्यांच्या खालच्या कडांना गंज चढतोच. पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेल्या गाडीच्या सीटवर बुरशीचे पांढरे ठिपके उमटतात. तेवढ्यावरून विक्रेत्याला पुराचा आरोपी ठरविणे अन्यायाचे होईल.

तेव्हा गंज आहे की नाही, यापेक्षा तो कोठे आहे हे पाहावे. खारी हवा बाहेरून आणि खालून काम करते. ती सीटच्या रुळांना, सीट जमिनीला बांधणाऱ्या बोल्टांना, पेडलांच्या वरच्या दांड्यांना, डॅशबोर्डखालच्या रंग न लावलेल्या पट्ट्यांना सहसा एवढा गंज आणत नाही. हे भाग आतल्या, छपराखालच्या कोरड्या जागेतले. तेथे तपकिरी, खरबरीत गंज असेल तर पाणी आत उभे होते, असाच अर्थ लावावा लागतो. याउलट, दहा वर्षांच्या गाडीत याच जागी अगदी नवे, चकचकीत बोल्ट आणि त्यांच्या डोक्यांवर पान्याचे ताजे ओरखडे दिसले, तर सीट काढून बसविली आहे. ती का काढली, याचे उत्तर मागावे.

मातीचेही तसेच. गोव्याची माती तांबडी. येथील गाडीच्या फटींत, डिकीच्या कडांत तांबडी धूळ सापडणे स्वाभाविक आहे. पण कृष्णाकाठच्या पुरात बुडालेल्या गाडीत जो गाळ बसतो तो काळसर, राखाडी आणि पिठासारखा बारीक असतो. ‘गाडी पहिल्यापासून गोव्यातच होती’ असे सांगितले जात असेल आणि स्टेपनीच्या खळग्यात हा काळा गाळ सुकून बसलेला असेल, तर दोहोंपैकी एक गोष्ट खरी नाही. धुणारे लोक सीट आणि गालिचे उत्तम धुतात; स्टेपनीखालचा खळगा, जॅकची जागा, मागच्या दिव्यांच्या पाठीमागची पोकळी आणि दरवाज्याच्या रबराच्या आतली घडी त्यांच्याकडून राहते.

सीटबेल्ट हा सर्वांत बोलका साक्षीदार म्हटला पाहिजे. तो नेहमी ओढतो तेवढाच न ओढता, अगदी शेवटपर्यंत बाहेर काढून पाहावा. खांबाच्या आत गुंडाळलेला भाग क्वचितच कोणी धुतो. त्यावर पाण्याची आडवी रेघ, चिखलाचा पट्टा किंवा बुरशीचे डाग असतील, तर पाणी खांबातल्या गुंडाळीपर्यंत पोहोचले होते. जुन्या गाडीत चारही पट्टे कोरे करकरीत असतील, तर तोही एक प्रश्नच. पट्ट्याला शिवलेल्या चिठ्ठीवर बहुधा उत्पादनाची तारीख असते. ती गाडीच्या वयाशी जुळते का, हे पाहण्यास अर्धा मिनिट पुरतो.

गालिच्याला वरून हात लावून काही कळत नाही. चालकाच्या पायाजवळचा कोपरा उचलून त्याखालचा स्पंज दाबून पाहावा. वरचा गालिचा एका दिवसात वाळतो, खालचा जाड थर आठवडे ओला राहतो आणि नंतर कडक, कुबट होतो. सीट, छत, दरवाज्यांचे आतले अस्तर जुने आणि गालिचा तेवढा नवा, अशी जोडी दिसली तर विचारावे. वास ओळखण्यासाठी काचा बंद करून, एसी आतली हवा फिरविण्याच्या स्थितीत ठेवून दहा मिनिटे बसावे. गाडीत शिरताच सुगंधाचा भपकारा आला, तर आधी चारही दरवाजे उघडून तो जाऊ द्यावा आणि मग पुन्हा बसावे.

हेडलाइटच्या काचेत पावसाळ्यात थोडी वाफ धरणे नेहमीचे असते. पण काचेच्या आत तळाशी गाळाची रेघ असणे नेहमीचे नाही. बॉनेट उघडल्यावर फ्यूजच्या पेटीचे झाकण काढून पाहावे. तेथे हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसते का? एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी गाळ आहे का? इंजिन ऑइल दुधी चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे, हे खरे. पण या खुणेवर लोक गरजेपेक्षा अधिक विसंबतात. गाडी विकणारा पहिल्यांदा ऑइलच बदलतो, त्यामुळे स्वच्छ ऑइलने काहीच सिद्ध होत नाही. गाडीच्या तळाला नुकताच फासलेला काळा गंजरोधक थरही तसाच. गोव्यात तो लावण्याची पद्धत आहे, पण विकायच्या आदल्या आठवड्यात तो का लावला, हे विचारण्यास हरकत नाही.

शेवटी किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, समोरच्या पट्टीवरील दिवे पाहावेत. एअरबॅग आणि एबीएस यांचे इशारा-दिवे काही क्षण लागून विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा विझत नसेल तर दोष आहे. तो मुळी लागतच नसेल तर दिवाच काढून टाकलेला असण्याची शक्यता आहे आणि ती अधिक गंभीर बाब आहे. ही तपासणी दिवसाउजेडी करावी. बरोबर ओळखीचा मेकॅनिक न्यावा आणि त्याच्याकडे गाडीच्या संगणकाला जोडायचे स्कॅनर असेल तर उत्तम. स्कॅनरमध्ये अनेक नियंत्रकांचा आपसांतील संपर्क तुटल्याच्या नोंदी एकाच वेळी दिसल्या, तर त्या बहुधा तारांच्या दुखण्याकडे बोट दाखवितात. मात्र विक्रेत्याने त्या आदल्या दिवशी पुसलेल्याही असू शकतात, म्हणून गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून मगच स्कॅनर लावावे.

कागदांतून काय कळते

आरसी बुकात पूर दिसत नाही, पण विम्याच्या कागदांत त्याची सावली पडते. दावा न करणाऱ्या मालकाला पुढच्या हप्त्यात सवलत मिळते. ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि मग २५, ३५, ४५ व पाच वर्षे सलग दावा नसेल तर ५० टक्के अशी वाढते. दावा केला की ती साधारणपणे शून्यावर येते. एकाच मालकाकडे सहा वर्षे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर ही सवलत शून्य किंवा २० टक्केच असेल, तर मध्ये काहीतरी घडले आहे. ते पुराचेच असेल असे नाही. अपघात असेल, किंवा पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत तिचे नूतनीकरण झाले नसेल. पण विचारण्याचा अधिकार तेथे निर्माण होतो. गाडीचा मालक मध्ये बदलला असेल तर हा हिशेब लागू पडत नाही, कारण सवलत गाडीबरोबर जात नाही, ती मालकाबरोबर राहते. म्हणून चालू पॉलिसीवर समाधान न मानता मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रती मागाव्यात.

दुसरा कागद म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींचा. मालकाच्या संमतीने तो चेसिस क्रमांकावरून काढता येतो. परराज्यातून आणलेल्या गाडीला गोव्याचा नवा क्रमांक मिळालेला असला, तरी चेसिस क्रमांक बदलत नाही. त्यामुळे जुना क्रमांक विचारून घ्यावा आणि शोध चेसिसवरून करावा. दर सहा-आठ महिन्यांनी सर्व्हिसिंगला जाणारी गाडी एका ऑगस्टनंतर एकदम नोंदींतून नाहीशी होते, काही महिन्यांनी तिचा मालक बदलतो आणि लगेच दुसऱ्या राज्यासाठी ना हरकत दाखला घेतला जातो. या तारखा कागदावर एकाखाली एक लिहून त्यांच्या शेजारी त्या भागातील पुराची तारीख लिहिली, की पुष्कळ काही आपोआप स्पष्ट होते. गाडी कितव्या मालकाकडे आहे, बोजा आहे का, विमा केव्हापर्यंत आहे ही माहिती परिवहन संकेतस्थळावर तपासता येते. मात्र तेथे पुराविषयी काही मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

परराज्यातील गाडी स्वस्त वाटते तेव्हा आणखी एक हिशेब विसरला जातो. ती बारा महिन्यांहून अधिक काळ गोव्यात ठेवायची असेल, तर येथील क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील रस्ता कर भरावा लागतो. तो मिळविल्यावरही गाडी बाजारभावाहून खूपच स्वस्त राहत असेल, तर त्या स्वस्ताईचे कारण कोणीतरी दिले पाहिजे.

प्रश्न लेखी का विचारावा

भारतीय करार कायदा, १८७२ नुसार विक्रेत्याने केवळ मौन पाळले, तर ती सहसा फसवणूक ठरत नाही. खरेदीदाराला साध्या दक्षतेने सत्य शोधता आले असते, असा बचावही मौनाच्या बाबतीत विक्रेता घेऊ शकतो. पण विचारलेल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर देणे ही गोष्ट वेगळी. ती फसवणूक आहे आणि करार रद्द करण्याचा आधार आहे. म्हणूनच ‘ही गाडी कधी पाण्यात बुडाली होती का, तिचा टोटल लॉसचा दावा झाला होता का’ हा प्रश्न तोंडी न विचारता संदेशातून विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे. विक्रीच्या करारपत्रात ‘सदर वाहन पुराच्या अथवा साचलेल्या पाण्यात बुडालेले नाही’ असे एक वाक्य घालावे. प्रामाणिक विक्रेता त्यावर सही करताना अडखळत नाही. दलाल ‘अशी पद्धत नाही’ म्हणू लागला, तर व्यवहार तेथेच थांबविलेला बरा.

गाडी व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतली असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली उत्तर किंवा दक्षिण गोव्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. शेजाऱ्याकडून किंवा ओळखीच्या माणसाकडून घेतलेल्या गाडीला हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो. तेथे दिवाणी न्यायालय किंवा, हेतुपुरस्सर फसविल्याचा पुरावा असेल तर, पोलीस तक्रार एवढेच उरते. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांनी नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकृततेचा दाखला घ्यावा, असा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तो दाखला पाहण्यास मागणे हा ग्राहकाचा उद्धटपणा ठरत नाही.

बुडालेली प्रत्येक गाडी टाकाऊच असते, असे मात्र नाही. गोडे पाणी केवळ पायाखालच्या भागापर्यंत आले, गाडी बंद होती, त्याच आठवड्यात गालिचे व सीट काढून आतला भाग वाळविला गेला आणि मालक हे सारे बिलांसह स्वतःहून सांगत आहे, तर मेकॅनिकच्या सल्ल्याने, एअरबॅग व ब्रेक यंत्रणा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घेऊन आणि किंमत त्या प्रमाणात उतरवून अशी गाडी घेता येते. पाणी सीटच्या वर गेले असेल, ते खारे असेल किंवा गाडी विजेवर चालणारी वा हायब्रिड असून तिच्या मुख्य बॅटरीपर्यंत पाणी पोहोचले असेल, तर किंमत कितीही उतरली तरी ती घेऊ नये. ज्या गाड्यांविषयी विक्रेता काहीच सांगत नाही आणि तपासणीसाठी गाडी गॅरेजमध्ये नेण्यासही तयार होत नाही, त्या बाबतीत बयाणा देण्याची घाई करू नये. एकदा दिलेला बयाणा परत मिळविताना काय यातायात होते, हे गोव्यातील कोणत्याही गॅरेजवाल्याला विचारून पाहावे.